रणगाड्यांचा जीर्णोद्धार : छंद, कायदा आणि कारागिरी

लष्करातून निवृत्त झालेला रणगाडा विकत घ्यायचा, घरामागच्या शेडमध्ये आणून तो सुटा करायचा आणि काही वर्षांच्या खटपटीनंतर पुन्हा चालता करायचा, हा छंद ब्रिटन, अमेरिका आणि युरोपातील काही देशांत चांगलाच रुजला आहे. भारतात सामान्य नागरिकाला तोफेसह रणगाडा घरी ठेवता येत नाही. तरीही हा विषय महाराष्ट्राला परका नाही. जुन्या रणगाड्यांचा मोठा संग्रह याच राज्यात आहे आणि अशा यंत्रांना लागणारे कसब ठाण्याच्या वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक वसाहतींत अनेक वर्षे पोसले गेले आहे. यंत्रे जपायची तर ती दुरुस्त करणारे हातही टिकायला हवेत. आज दोन्हींचे वय वाढत चालले आहे.

परदेशातील छंदी

या छंदातील सर्वांत मोठे नाव अमेरिकेतील जॅक लिटलफिल्ड यांचे. कॅलिफोर्नियातील पोर्टोला व्हॅली येथील आपल्या मालमत्तेवर त्यांनी रणगाडे आणि चिलखती वाहने जमवली आणि त्यासाठी स्वतःची सुसज्ज कार्यशाळा उभारली. पोलंडमधील नदीतून बाहेर काढलेला जर्मन पँथर रणगाडा दीर्घ परिश्रमांनंतर तेथे पुन्हा चालता झाला. २००९ मध्ये लिटलफिल्ड यांचे निधन झाले. पुढे हा संग्रह एका प्रतिष्ठानाकडे गेला आणि २०१४ मध्ये त्यातील बरीच वाहने लिलावात विकली गेली. एका व्यक्तीच्या हौशीवर उभा राहिलेला संग्रह त्या व्यक्तीनंतर किती काळ एकत्र राहतो, हा प्रश्न त्यानिमित्ताने पुढे आला.

ब्रिटनमध्ये लष्कराने विक्रीस काढलेली हलकी पट्टेवाली वाहने अनेकांनी घेतली आहेत. तेथे पट्ट्यांवर चालणारे वाहन रस्त्यावर आणण्यासाठी वाहनचालक परवान्यात ‘एच’ हा वेगळा वर्ग आहे. डॉर्सेट परगण्यातील बोव्हिंग्टन येथील टँक म्युझियमने ट्युनिशियात १९४३ मध्ये हाती लागलेला जर्मन ‘टायगर १३१’ पुन्हा चालता केला. संग्रहालयाच्या मैदानावर तो पाहण्यासाठी दुरून प्रेक्षक येतात.

कायद्याची चौकट मोडली तर काय होते, याचे उदाहरण जर्मनीत घडले. कील शहराजवळील हाइकेनडॉर्फ येथे एका घराच्या तळघरातून जुलै २०१५ मध्ये पँथर रणगाडा जप्त झाला. तो बाहेर काढण्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. २०२१ मध्ये न्यायालयाने मालकाला निलंबित कारावासाची शिक्षा आणि अडीच लाख युरोचा भुर्दंड ठोठावला.

भारतातील कायदा

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार तोफा, विमानविरोधी आणि रणगाडाविरोधी शस्त्रे ‘प्रतिबंधित शस्त्रे’ या व्याख्येत येतात. केंद्र सरकारच्या विशेष परवानगीशिवाय ती बाळगता येत नाहीत. तोफेसह रणगाडा घरी ठेवण्याचा मार्ग येथेच बंद होतो.

दुसरी अडचण रस्त्याची. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांची स्वतंत्र नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व मोटारींना तिचा लाभ मिळतो. नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे आणि ती दहा वर्षे वैध राहते. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती किंवा इंधन भरणे अशा कारणांपुरतेच वाहन रस्त्यावर आणता येते. दुचाकी आणि मोटारींसाठी आखलेल्या या नियमात पट्ट्यांवर चालणारी वाहने बसत नाहीत. पोलादी पट्ट्यांनी डांबरी रस्त्याचे काय होते, हे पोकलेन ट्रेलरवरून का नेला जातो हे ठाऊक असलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही.

त्यामुळे भारतातील छंदी जुन्या लष्करी जीप, जोंगा अशा चाकांच्या गाड्यांकडे वळतात. जोंगा ही जबलपूरच्या वाहन कारखान्यात तयार झालेली लष्कराची गाडी. अशी गाडी घेताना ती रीतसर लिलावातून बाहेर पडल्याची कागदपत्रे आणि इंजिन व चॅसिसचे क्रमांक जुळतात का, हे आधी तपासावे. कागद अपुरे असतील तर उत्तम दुरुस्त केलेली गाडीही अंगणातच उभी राहते.

नगरचा ठेवा

रणगाडे जवळून पाहायचे तर ठाणेकरांनी कल्याणहून माळशेज घाटाची वाट धरावी. अहमदनगर, म्हणजे २०२४ मध्ये नामांतर झालेले अहिल्यानगर, हे भारतीय लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. येथील ‘कॅव्हलरी टँक म्युझियम’ फेब्रुवारी १९९४ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते सुरू झाले. रोल्स रॉइसची चिलखती मोटार, दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश, अमेरिकन आणि जपानी रणगाडे, १९६५ च्या युद्धातील पॅटन आणि सेंच्युरियन, तसेच भारतात बनलेला विजयंता असा यांत्रिक युद्धाचा पट तेथे उलगडतो.

विजयंताची गोष्ट भारतीय उद्योगाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीच्या आराखड्यावर आधारलेला हा रणगाडा १९६० च्या दशकाच्या मध्यापासून चेन्नईजवळील आवडी येथील अवजड वाहन कारखान्यात तयार होऊ लागला. १०५ मिलिमीटरची तोफ आणि लेलँड एल-६० इंजिन ही त्याची वैशिष्ट्ये.

पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत हुतात्मा झाले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ‘फामागुस्ता’ या नावाचा त्यांचा सेंच्युरियन रणगाडा पुढे दुरुस्त करून नगरच्या चिलखती दल केंद्रात जतन करण्यात आला. जुने लोखंड जपण्यासाठी इतका खटाटोप का करायचा, या प्रश्नाचे उत्तर त्या एका रणगाड्यात मिळते.

काम कसे चालते

जीर्णोद्धाराची पहिली पायरी तपासणीची. आत जिवंत दारूगोळा राहिलेला नाही याची खात्री तज्ज्ञांकडून करून घेतल्याशिवाय कुणी हात लावायचा नसतो. जुन्या वाहनांच्या ब्रेकमध्ये आणि उष्णतारोधक आवरणात अॅस्बेस्टॉस, रंगात शिसे आणि अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांवर रेडियम असण्याची शक्यता असते. मुखपट्टी आणि हातमोज्यांशिवाय घासकाम केल्यास हा छंद आरोग्यावर बेततो.

दुसरी पायरी इंजिनाची. वर्षानुवर्षे उभे असलेले इंजिन थेट बॅटरी लावून फिरवणे ही सर्वांत महागडी चूक ठरते. आधी जुने तेल व इंधन काढून टाकतात, सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडून ते मुरू देतात आणि मग इंजिन हाताने हळूहळू फिरवून पाहतात. शर्मन रणगाड्याच्या काही प्रकारांत विमानाचे नऊ सिलिंडरचे वर्तुळाकार इंजिन असे. उभ्या गाडीत खालच्या सिलिंडरमध्ये तेल साचते. ते न काढता इंजिन सुरू केल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सैनिकही सुरू करण्यापूर्वी ते हँडलने फिरवून घेत. विजयंताच्या इंजिनाची तऱ्हा निराळी. त्यात सहा सिलिंडर, प्रत्येकात समोरासमोर धावणारे दोन पिस्टन आणि दोन क्रँकशाफ्ट. मोटारीच्या इंजिनावर हात बसलेल्या मेकॅनिकलाही ते नव्याने शिकावे लागते.

तिसरी पायरी सांगाड्याची. इंजिन व गिअरबॉक्स क्रेनने उचलून काढल्यावर सांगाड्याचे सँड ब्लास्टिंग होते आणि गंजाची खरी खोली दिसते. चिलखती पोलाद साध्या पत्र्यासारखे वेल्ड करता येत नाही. ते आधी तापवून न घेतल्यास आणि योग्य वेल्डिंग रॉड न वापरल्यास जोडाशेजारी तडा जातो.

चौथी आणि रणगाड्याची खास पायरी पट्ट्यांची. शर्मनच्या बहुतेक प्रकारांत एका बाजूच्या पट्ट्यात ७९ कड्या असतात. पिना आणि बुश झिजले की पट्टा लांबतो, सैल पडतो आणि वळणावर चाकांवरून उतरतो. त्यासाठी पुढच्या किंवा मागच्या आयडलर चाकाने ताण वाढवतात, गरज पडल्यास एखादी कडी कमी करतात आणि स्प्रॉकेटचे दाते झिजून वाकडे झाले असतील तर तेही बदलतात. चाकांवरचे भरीव रबर नव्याने चढवून घ्यावे लागते.

वागळे इस्टेटचे कसब

वरील यादीतील बहुतेक कामे औद्योगिक वसाहतीतल्या माणसाला ओळखीची वाटतील. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि वागळे इस्टेट ही महामंडळाची पहिली वसाहत. मोठ्या कारखान्यांच्या आधाराने येथे छोट्या गाळ्यांतून जॉबवर्कची परंपरा वाढली. लेथ, मिलिंग, पोलादाला पाणी देणे, ओतकामासाठी साचे बनवणे, रबराचे भाग दाबून घेणे, ही कामे काही गल्ल्यांच्या अंतरात होत.

जुन्या यंत्रांच्या बाबतीत या कसबाला पर्याय नाही. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश वाहनांत व्हिटवर्थ आणि बीएसएफ आटे, अमेरिकन वाहनांत एनसी व एनएफ आटे, तर रशियन वाहनांत मेट्रिक आटे असतात. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या छिद्रात जोराने फिरवला की आटे गेलेच म्हणून समजावे. इंच आणि सुतात माप घेणारा जुना टर्नर हा फरक बोटांनी ओळखतो. बाजारात न मिळणारा बुश नुसत्या झिजलेल्या नमुन्यावरून मूळ माप काढून तो घडवू शकतो. पोकलेनच्या चेनचे पिन-बुश बदलणाऱ्या कारागिरालाही रणगाड्याच्या पट्ट्याचे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

मात्र वागळे इस्टेटचा चेहरा पालटला आहे. अनेक कारखान्यांच्या जागी आयटी पार्क आणि कार्यालये उभी राहिली. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांना हजार नग एकसारखे काढणे सोपे जाते. एकच नग, तोही रेखाचित्राविना बनवून देणारा गाळा शोधायला वेळ लागतो. विजयंता चालवलेले आणि दुरुस्त केलेले सैनिकही आता उतारवयात आहेत. त्यांच्याकडील माहिती पुस्तिकांमध्ये पूर्णपणे उतरलेली नसते. इंजिन गरम झाल्यावर कोणता आवाज धोक्याचा, कोणता नेहमीचा, हे ज्ञान हाताखाली काम करूनच पुढे जाते. अनुभवी माजी सैनिक, वसाहतीतील कारागीर आणि आयटीआयचे विद्यार्थी यांना संग्रहालयातील एखाद्या वाहनाभोवती एकत्र आणता आले, तर यंत्र आणि कसब दोन्ही वाचतील.

पावसाशी सामना

चौकाचौकांत आणि संस्थांच्या आवारात स्मारक म्हणून उभ्या असलेल्या रणगाड्यांना खरा धोका पावसाचा आहे. नगरचे कोरडे हवामान लोखंडाला मानवते. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यात खाडीवरची खारी हवा. वरून हिरवा रंग मारला की देखभाल झाली, असा समज असतो. प्रत्यक्षात गंज आतून धरतो. झाकणे बंद करून टाकल्यास आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही. तळाची निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवणे, तोफेचे तोंड बंद करणे, हवा खेळती ठेवणे, पट्ट्यांखाली काँक्रीटचा उंच चौथरा बांधणे आणि पावसाळ्यापूर्वी दरवर्षी तपासणी करणे, एवढ्यानेही आयुष्य पुष्कळ वाढते.

घरी काय करता येईल?

डोंबिवलीच्या दोन खोल्यांतही हा छंद जोपासता येतो, तो प्रतिकृतींच्या रूपाने. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस पँथरची मोटारवर चालणारी प्रतिकृती काढली. आत बॅटऱ्या बसाव्यात म्हणून ठरलेले तिचे १:३५ हे प्रमाण पुढे जगभर रूढ झाले. या प्रमाणात शर्मन सुमारे १७ सेंटिमीटर लांबीचा होतो आणि अभ्यासाच्या मेजावर सहज मावतो. मूळ छायाचित्रे पाहून रंग, खुणा आणि झीज उतरवताना यंत्राची रचना आपोआप कळत जाते. लिटलफिल्ड यांचीही सुरुवात प्रतिकृतींपासूनच झाली होती.

ज्यांच्याकडे जागा आणि सवड आहे त्यांना कागदपत्रे चोख असलेली जुनी जीप हा उत्तम आरंभ. इंजिन उतरवणे, आटे ओळखणे, गंज काढणे आणि सुटा भाग घडवून घेणे, हे सारे धडे तिच्यावर गिरवता येतात. आणि तो सुटा भाग घडवून देणारा टर्नर वागळे इस्टेटच्या एखाद्या गाळ्यात आजही भेटतो. त्याच्याकडे काम नेत राहणे, हाही जतनाचाच एक भाग आहे.