व्हाया कल्याण

परदेशातून घरी पत्र धाडायचं तर मजकुरापेक्षा पत्त्याची कटकट जास्त, हे आम्हा कर्जतकरांना कोणी सांगायला नको. महाराष्ट्रात कर्जत दोन. एक आमचं, भोर घाटाच्या पायथ्याचं, दुसरं नगरकडचं. बरं, जिल्हा लिहावा तर तो 1981 पर्यंत कुलाबा, आणि कुलाबा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मुंबईतला. म्हणून जुन्या पत्त्यांना 'व्हाया कल्याण' किंवा 'सी. रेल्वे' असं शेपूट असायचं.

माझे थोरले काका साठच्या दशकात बोटीवर नोकरीला होते. एडन, सुएझ, रॉटरडॅम, बोट लागेल तिथून पत्र. एअरोग्राम ठरलेलं: निळा पातळ कागद, घडी घालून डिंकाने चिकटवायचा, आत दुसरं काही घालायची बंदी. आत 'ती. आईस शि. सा. नमस्कार', वर इंग्रजी पत्ता. जागा संपली की काका चिकटवायच्या पट्टीलगतही लिहीत. आजीला फोडायची घाई, की त्या ओळी फाटल्याच. मग आम्ही पोरं तुकडे जुळवत बसायचो. एकदा त्यांनी नुसतंच 'कर्जत, महाराष्ट्र' लिहिलं. ते पत्र नगरची वारी करून, पाठीवर जादा शिक्के घेऊन आलं. त्यात गणपतीच्या तयारीची चौकशी होती. आमचं विसर्जन होऊन गेलं होतं.

15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड आला. तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी. सारख्या नावांची गावं आणि नाना लिप्यांतले पत्ते, हेच तर मूळ दुखणं होतं. पहिले तीन आकडे मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्टाचे. कर्जत 410201, खालापूर 410202, खोपोली 410203. नगरचं कर्जत 414 मध्ये.

गंमत पुढेच आहे. आमच्याच जिल्ह्याचं ठाणं अलिबाग 402201, आणि घाटावरचं, पुणे जिल्ह्यातलं लोणावळा मात्र 410401. म्हणजे टपालाच्या हिशेबात आम्ही लोणावळ्याचे सख्खे, अलिबागचे चुलत. मला तरी यात रुळांचीच खूण दिसते. रेल्वे 1856 ला खोपोलीला पोचली, 1863 ला घाट चढली, आणि बँकर, म्हणजे घाटात गाडी ढकलणारी जादा इंजिनं, जोडायला गाड्या कर्जतला थांबू लागल्या. (त्या थांब्यावर वडेवाल्यांचं भलं झालं, ते वेगळं.) अलिबागला प्रवासी गाडी आजही जात नाही.

काकांनी पिनकोड फारच मनावर घेतला. आकडे इतके ठळक काढत की गावाचं नाव बारीक दिसे. 'व्हाया कल्याण' गेलं. 'डिस्ट्रिक्ट कुलाबा' मात्र रायगड झाल्यावरही त्यांनी सोडलं नाही, आणि पत्रं बिनचूक येत राहिली.