झुरणीचा इतिहास

मराठीत ‘झुरणे’ म्हणजे मनात कुढणे आणि अंगाने वाळत जाणेही. शरीर आणि मन यांची फारकत या शब्दाला मान्य नाही. चरकसंहितेतही राजयक्ष्म्याच्या कारणांत शोक व चिंता यांचा उल्लेख आहे. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. रोगाचे कारण निश्चित झाले. रोग्याची खिन्नता मात्र निदानात गौण ठरली.

या इतिहासाच्या खुणा सातारा-सांगली परिसरात आहेत. औषध नव्हते तेव्हा मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच क्षयावरील उपचार होता. त्यासाठी डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीत बेल-एअर हे आरोग्यधाम स्थापन केले. इकडे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिरजेच्या मिशन रुग्णालयाच्या कार्यातून वानलेसवाडीचे क्षयरुग्णालय उभे राहिले. अशा आरोग्यधामांत रोगी महिनोन्महिने घरापासून दूर राहत. संसर्गाच्या धास्तीने आप्तही दुरावत. अशा माणसाने हाय खाल्ली तर तो रोगाचाच भाग समजला जाणे स्वाभाविक होते.

ही समजूत क्षयाच्याच एका औषधाने हलवली. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड घेणाऱ्या क्षयरोग्यांची मने अनपेक्षितपणे उल्हसित झालेली दिसली. १९५७ पासून नैराश्याच्या रोग्यांवर त्याचा उपयोग होऊ लागला. यकृताला अपाय होत असल्याने ते पुढे मागे पडले. पण नैराश्यावर स्वतंत्र औषधोपचार होऊ शकतो, हे त्याने दाखवून दिले.

१९५९ मध्ये मद्रास येथील अभ्यासाने घरी घेतलेले उपचारही आरोग्यधामातील उपचारांइतकेच गुणकारी ठरतात, असे सिद्ध केले. रोगी घरी परतले. मनाचा प्रश्न तसाच राहिला. खचलेला रोगी औषधे मध्येच सोडतो. अर्धवट उपचारांतून औषधांना न जुमानणारा क्षय उद्भवू शकतो आणि त्यावरील सायक्लोसेरिनसारख्या औषधाने नैराश्य येऊ शकते. असे हे दुष्टचक्र आहे.

म्हणून ‘एवढ्या आजारात माणूस खचणारच’ हे वाक्य तपासून पाहायला हवे. त्यात सहानुभूती आहे, पण उपचाराची गरज नाकारणेही आहे. खिन्नतेचे कारण समजले म्हणून खिन्नता बरी होत नाही. क्षयाच्या जंतूचा शोध लागल्यावर रोग्याचे झुरणे अर्धेच उलगडले होते. उरलेले अर्धे जाणून घेण्यासाठी त्याची विचारपूस करावी लागते.