डुकोचा हात

यवतमाळात फर्निचर रंगवणाऱ्या एका कारागिराकडे मी मामाची इलेक्ट्रिक गिटार घेऊन गेलो. त्यानं ती उलटीपालटी करून पाहिली, नखानं एक पोपडा उचकटला आणि म्हणाला, "याले डुको मारा लागते, भाऊ."

मामा ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात वाजवायचा. यवतमाळची नवरात्र मोठी, नऊ रात्री मंडपांत काही ना काही चालूच. त्या काळातली ही गिटार, स्ट्रॅटोकास्टरची देशी नक्कल. उजवं कोपर टेकून टेकून एका जागी रंग पार लाकडापर्यंत गेलेला. कारागिरानं सांगितलेले पैसे गिटारच्या किमतीहून जास्त होते, म्हणून स्प्रेचे डबे आणून घरीच रंगवायचं ठरवलं. पण 'डुको' हा शब्द डोक्यात राहिला. आपल्याकडचे सुतार आणि रंगारी कपाटाच्या चकचकीत रंगाला सर्रास डुको म्हणतात. हे नाव आलं कुठून?

तर डुको हे ड्यूपाँट या अमेरिकन कंपनीच्या रंगाचं नाव. रंगाच्या दुकानात ज्याला 'एनसी' म्हणतात ते नायट्रोसेल्युलोज, तोच त्याचा पाया. आणि नायट्रोसेल्युलोज म्हणजे नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लातून काढलेला कापूस. श्योनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं 1846 मध्ये तो जगापुढे आणला तो स्फोटक म्हणून. नायट्रोजन जास्त मुरवला की तोफेची दारू, कमी मुरवला की सिनेमाची फिल्म किंवा लाखेसारखा चकाकणारा थर. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' याच पदार्थाच्या पट्टीवर होता. पहिल्या महायुद्धात ड्यूपाँटनं दारूगोळ्याचे प्रचंड कारखाने उभारले. युद्ध संपलं आणि त्या पदार्थाला शांततेच्या काळात गिऱ्हाईक हवं होतं. 1923 मध्ये ओकलंड मोटारी निळ्या डुकोत रंगून बाहेर पडल्या. तोवर एक गाडी रंगवून वाळायला आठवडेच्या आठवडे जात, आता ते काम तासांवर आलं.

गिटार आली ती मोटारीच्या मागोमाग. लिओ फेंडरनं कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात गिटारीसाठी वेगळे रंग घोटत बसण्याऐवजी मोटारींचेच रंग घेतले. त्याचा गाजलेला फिएस्टा रेड हा मुळात फोर्डच्या थंडरबर्ड गाडीचा. लखनौत जन्मलेल्या क्लिफ रिचर्डनं 1959 मध्ये आपल्या गिटारिस्टसाठी, हँक मार्व्हिनसाठी, अमेरिकेतून लाल स्ट्रॅटोकास्टर मागवली. तिचा लाल नेमका कोणता, यावर चाहते अजून भांडतात.

मला मात्र कापूसच सोडवेना. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, ती नायट्रोसेल्युलोजला उत्तम. म्हणजे ज्या जिल्ह्यातून शकुंतला रेल्वेनं मूर्तिजापूरमार्गे मुंबईकडे गाठी जात राहिल्या, तिथला माणूस दुकानातून रंगाच्या डब्यात कापूसच विकत आणत होता!

ऑगस्टमध्ये मी हार्डवेअरच्या दुकानात मास्क मागितला. दुकानदारानं न बघताच विचारलं, "फवारणीले पायजे का?"

यवतमाळात हा शब्द साधा नाही. 2017 च्या हंगामात कपाशीवर कीटकनाशक फवारताना जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी झाडं डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावर येत होता, आणि अंगावर असायचा एखादा रुमाल. मी हौसेसाठी मास्क निवडत होतो. दोन प्रकार हातात घेऊन पाहिले, महागातला घेतला आणि गप्प बाहेर पडलो.

पुढं वाचताना कळलं की स्प्रेचा डबासुद्धा आधी कीटकनाशकाचाच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या शेती खात्यातल्या गुडह्यू आणि सलिव्हन यांनी डासांपासून सैनिकांना वाचवायला तो बनवला. त्यात रंग भरला एडवर्ड सेमूर नावाच्या रंगविक्रेत्यानं, 1949 मध्ये, बायकोच्या सुचवण्यावरून.

माझा पहिला प्रयत्न फसला. पावसाळ्यात एनसी मारूच नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंग दुधाळ पडतो. त्यात मामानं कधीतरी मागच्या बाजूला घरचा ऑइलपेंट फासलेला. एनसीचं थिनर लागताच तो सुरकुतला, तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखा. सगळं खरवडलं. 320 च्या कागदानं घासलं, पुट्टी भरली आणि दिवाळीपर्यंत थांबलो.

वेचणीच्या दिवसांत हवा कोरडी आणि ऊन सोसेल इतकं. गच्चीवर कपड्यांच्या तारेला गिटार टांगली. डबा वीतभर लांब धरून, हात न थांबवता, एकेक पातळ हात. एनसीची खुबी ही की नवा हात खालच्या हाताला थोडं विरघळवून त्यातच मिसळतो. ऑइलपेंटचे थर नुसते एकावर एक बसतात. नऊ हात दिले. तीन आठवडे वाळू दिली. मग 1200 चा वॉटर पेपर, शेवटी पॉलिश.

कोपराची जागा मात्र मी भरली नाही. तिथं टेप लावून लाकूड तसंच ठेवलं.

मामानं गिटार मांडीवर घेतली, कोपर बरोबर त्या जागी टेकवलं आणि बराच वेळ रंगाकडे बघत राहिला.

"लाल कायले केली?" तो म्हणाला. "नारंगी होती ना ही."

मामी आतून ओरडली, "लालच होती!"

तो वाद अजून मिटलेला नाही.