पायधुणीचे पाणी

मुंबईच्या दाट बाजारपेठेत, दुकाने, देवळे आणि मशिदी यांच्या गर्दीत, ‘पायधुणी’ नावाची वस्ती आहे. येथे पाय धुण्यास पाणी कोठले, असा प्रश्न परगावच्या माणसास पडतो व त्याला हसू येते. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरे व बेटांमधील सखल भाग व्यापून जवळजवळ येथवर येत असे. ते पाणी आणि चिखल तुडवून मुंबई बेटावर पोहोचलेला वाटसरू प्रथम पाय धूत असे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी (१७७१–८४) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बांधाने ते खिंडार बुजले आणि पाणी हटले. नाव मात्र जागचे हलले नाही. शेजारच्या उमरखाडीतही नावापुरतीच खाडी उरली.

जवळच भेंडी बाजार आहे. कोटात राहणारे इंग्रज या भागाला ‘बिहाइंड द बझार’, म्हणजे बाजारामागचा भाग, म्हणत आणि त्याचेच पुढे ‘भेंडी बाजार’ झाले, ही कथा सर्वतोमुखी आहे. ती इतकी गमतीची आहे की, ती पारखून घ्यावी असे सांगणाऱ्यास वाटतच नाही. आजूबाजूची नावे पाहिली तर तिची गरजही उरत नाही. उंबराने उमरखाडी दिली, चिंचेने चिंचबंदर आणि चिंचपोकळी, फणसाने फणसवाडी. मग भेंडीनेच काय अपराध केला? ही भेंडी भाजीची नव्हे. समुद्रकाठी वाढणारा, पिवळ्या फुलांचा तो वृक्ष आहे. मुरादाबादकडून येऊन येथे राहिलेल्या छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ या बंधूंमुळे त्याचे नाव हिंदुस्थानी संगीतातील एका घराण्यालाही मिळाले.

‘चर्नी रोड’ची गोष्ट याहून निराळी. १८३८ साली गुरांच्या चराईवर कर बसला, तेव्हा गरीब गुराख्यांसाठी सर जमशेटजी जीजीभाई यांनी वीस हजार रुपये खर्चून ठाकुरद्वाराजवळ कुरण विकत घेतले आणि त्या ‘चरणी’वरून हे नाव पडले, असे सांगतात. दुसरे मत असे की, ठाण्याजवळच्या चेंदणीहून येथे येऊन वसलेल्या लोकांनी आपल्या गावाचे नाव सोबत आणले. या दोहोंतून निवड करणे कठीण आहे. पण दोन्ही व्युत्पत्ती देशीच आहेत. तथापि २०२४ साली महाराष्ट्र विधिमंडळाने मुंबईतील काही रेल्वे स्थानकांची ब्रिटिशकालीन नावे बदलण्याचा ठराव संमत केला, त्यात चर्नी रोडचे ‘गिरगाव’ करावे असे सुचविले. करी रोड आणि सँडहर्स्ट रोड यांच्या पंक्तीला चर्नीही बसली. तिच्या नावातला ‘रोड’ इंग्रजी आहे, एवढे खरे.