पास घ्यावा की तिकीट?

एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास आपल्याला ठाऊक आहे. एकदाच पैसे भरायचे आणि ठरलेले दिवस हिंडायचं. युरोपात रेल्वेचा असाच ‘युरेल’ पास १९५९ साली निघाला. तो युरोपाबाहेरच्या पाहुण्यांसाठी होता आणि १३ देशांत चालायचा. १९७२ साली तिथल्या २१ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी ‘इंटररेल’ आला. एक महिना, २१ देश! दर गावी तिकिटाच्या खिडकीशी उभं राहणं संपलं.

१९८१ साली फ्रान्समध्ये टीजीव्ही ही वेगवान गाडी धावू लागली. तिच्यात जागा राखावीच लागते, म्हणून पास असला तरी त्याचे पैसे वेगळे. पुढे आगाऊ काढलेली तिकिटंही स्वस्त मिळू लागली. जर्मनी, स्वित्झर्लंडमध्ये मात्र बहुतेक गाड्यांना नुसता पास पुरतो.

आजही तिकडे राहून शिकणाऱ्या लेकीला इंटररेल मिळतो, भेटीला गेलेल्या आईला युरेल. दोन-तीनच प्रवास आणि तारखा पक्क्या असतील, तर सुटी तिकिटं लवकर काढावीत. पण स्वस्त तिकिटाची तारीख सहसा बदलत नाही. रोज नवं गाव पाहायचं, बेत बदलायचा, तर पास बरा. आधी गावं मोजा, मग पैसे.