कोळंबीचे सीमोल्लंघन

इतिहास म्हटला म्हणजे आपल्याकडे तलवारी निघतात, तहनामे निघतात, निदान एखादी बखर तरी निघते. कोळंबीचा इतिहास लिहायला बसलो आहे, असे मी दोघाचौघा स्नेह्यांना सांगितले तेव्हा एकाने विचारले, "लिहिणार की तळणार?" प्रश्न अगदीच गैर नव्हता. पण ज्या प्राण्याने अरबी समुद्राच्या काठची गावेच्या गावे एका पिढीत बदलून टाकली, भाऊबंदांत दावे लावले आणि बायकांच्या डोक्यावरची पाटी काढून त्यांना शेडमध्ये नेऊन बसवले, त्याची कोणी बखर लिहू नये हे मला पटत नाही.

कोळंबी आपल्याला परकी नाही. कोकणपट्टीत तिचे गोत सर्वांना ठाऊक आहे. मोठी ती कोळंबी, लहान ती करंदी, अगदी बारीक तो जवळा, आणि सोलून वाळवली की सोडे. पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवल्या की सुके बोंबील आणि सोडे यांवर कितीतरी घरांची आमटी-भाकरी चाले. केरळातही कोळंबी वाळवीत. तिथे ती आधी उकडायची, मग उन्हात टाकायची आणि खडखडीत झाली की पोत्यात घालून बडवायची, म्हणजे टरफल सुटून येई. हा माल ब्रह्मदेशाकडे आणि सिंगापूरकडे जाई. सुकी मासळी लंकेला जाई. १९६० पर्यंत आपल्या समुद्री मालाची मुख्य गिऱ्हाइके हीच. शेजारची, आपल्यासारखीच बेताच्या ऐपतीची. कोळंबी ही त्या वेळी समुद्राची राणी वगैरे काही नव्हती. केरळच्या कोळ्याचा जीव तारलीवर आणि बांगड्यावर होता.

या हकीकतीत नॉर्वे कुठून आला, हे आता सांगायला हवे. १९४५ साली जर्मनांच्या ताब्यातून सुटलेला तो चिमुकला देश स्वतःच अमेरिकेच्या मदतीवर उभा राहत होता. तरीही १९५२ साली तिथल्या संसदेने भारताच्या मदतीसाठी एक कोटी क्रोनर मंजूर केले, आणि लोकांनीही वर्गणी काढली. दुसऱ्या देशाच्या उभारणीला हात देण्याचा नॉर्वेचा हा पहिलाच प्रसंग. मदत कशात करायची? नॉर्वेच्या माणसाला मासळीतले कळते, तेव्हा मासळीतच. १७ ऑक्टोबर १९५२ रोजी दिल्लीत भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला. जागा ठरली त्रावणकोर-कोचीन राज्यातली, क्विलॉनच्या उत्तरेला, अष्टमुडीची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथली नीण्डकरा, शक्तिकुळंगरा आणि पुत्तन्तुरा ही गावे. शक्तिकुळंगऱ्याचे कोळी रोमन कॅथलिक, पुत्तन्तुऱ्याचे हिंदू अरय. दोघांची दैवते वेगळी, समुद्र एक.

कराराचे हेतू वाचले की मन प्रसन्न होते. कोळ्याला त्याच्या मेहनतीचे अधिक मोल मिळावे. ताजी मासळी नीट वाटली जावी. गावाचे आरोग्य सुधारावे. एकंदर राहणीमान उंचवावे. निर्यातीचा त्यात मागमूस नाही. किनाऱ्याची मासळी बर्फात घालून आतल्या गावांतल्या माणसांच्या पानात पडावी, हा साधा विचार होता. त्यासाठी बर्फाचा कारखाना आला, आरोग्यकेंद्र आले, पिण्याचे नळाचे पाणी आले. नॉर्वेच्या तज्ज्ञांनी पहिल्यांदा देशी होड्यांनाच यंत्र बसवून पाहिले. ते काही जमले नाही. लाकडाच्या ओंडक्यांचे कट्टुमरम आणि शिवलेल्या फळ्यांचे वळ्ळम यंत्राच्या हादऱ्यासाठी जन्मलेलेच नव्हते. मग नव्या घडणीच्या लहान यंत्रहोड्या बांधल्या गेल्या. त्या वाळूत ओढून ठेवता येत नसत, म्हणून त्यांना खाडीच्या मुखाशी आसरा लागला, आणि त्यामुळे खाडीकाठचे शक्तिकुळंगरा उघड्या किनाऱ्यावरच्या पुत्तन्तुऱ्याच्या पुढे निघून गेले. इतिहासात धर्म आणि स्वभाव यांना पुष्कळ श्रेय दिले जाते. मला वाटते, कधीकधी नुसत्या खाडीलाही थोडे द्यावे.

हे चालू असतानाच, तिथून दीडशेएक किलोमीटर उत्तरेला कोचीन बंदरात दुसरी एक गोष्ट घडली. १९५३ साली तिथून गोठवलेल्या कोळंबीचा पहिला माल अमेरिकेला रवाना झाला. किती? तेरा टन. हा उद्योग खाजगी व्यापाऱ्याचा. नॉर्वेच्या प्रकल्पाशी त्याचा संबंध नव्हता. पण अमेरिकेत त्या वेळी काय चालले होते ते पाहिले म्हणजे या तेरा टनांचे महत्त्व कळते. महायुद्धानंतर तिथे घरोघर शीतकपाट आले होते. पावाचा चुरा लावून गोठवलेली कोळंबी पुड्यातून काढायची, तेलात सोडायची आणि जेवायला बसायचे, अशी सोय झाली होती. मेक्सिकोच्या आखातातली त्यांची स्वतःची कोळंबी या भुकेला पुरेना. मग खरेदीदारांची नजर जगभरच्या समुद्रांवर फिरू लागली.

कोळंबी राहते समुद्राच्या तळाशी, चिखलात. वरच्यावर टाकलेल्या जाळ्यात ती थोडी येते. तळ खरवडत जाणारे ट्रॉल जाळे ओढले तर भरपूर येते, आणि ते ओढायला यंत्र लागते. नॉर्वेने आणलेल्या लहान यंत्रहोड्या या कामाला पुरेशा आहेत, हे १९५० नंतरच्या दशकात नीण्डकऱ्याला दिसून आले. त्यातही तिथला पावसाळ्यातला खजिना मोठा : करिक्काडी नावाची कोळंबी जून ते ऑगस्टमध्ये नेमकी या भागात दाटी करते. होडी आली, जाळे आले, बर्फ आला, आणि किनाऱ्यावर कोचीनच्या कंपन्यांचा दलाल रोकड घेऊन उभा राहिला. तारलीला जो भाव मिळे त्याच्या कितीतरी पट कोळंबीला मिळू लागला. क्विलॉनच्या गरिबाच्या पानासाठी तयार झालेला बर्फ न्यूयॉर्कच्या पानासाठी खपू लागला. बर्फाला काय ठाऊक, आपण कुणासाठी थंड राहिलो आहोत ते!

१९६१ साली गोठवलेल्या मालाने सुक्या मालाला निर्यातीत मागे टाकले. त्याच वर्षी निर्यातवाढीसाठी सरकारने परिषद स्थापली. १९६३ मध्ये नॉर्वेच्या प्रकल्पाने आपले ठाणे एर्नाकुळमला हलवले आणि शाखा काढल्या, त्यांत आपल्या शेजारचे कारवारही होते. ६ जून १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन झाले; डॉलरला पावणेपाचाच्या आसपास रुपये पडत, ते साडेसात पडू लागले. देशाला ते जड गेले, पण निर्यात करणाऱ्याला त्याच डॉलरचे जास्त रुपये हातात आले. रुपया पडला आणि कोळंबी चढली. लोक तिला गुलाबी सोने म्हणू लागले, ते उगाच नाही.

जाता जाता एक गंमत. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 'चेम्मीन' ही कादंबरी याच धामधुमीत, १९५६ साली आली. चेम्मीन म्हणजे कोळंबी. त्या कादंबरीतला समुद्र वल्ह्याच्या होड्यांचा आणि कडलम्मा या समुद्रमातेचा आहे. तिच्यातला परीकुट्टी हा मासळीचा छोटा व्यापारी प्रेमापायी धुळीला मिळतो. पुस्तक वाचकांच्या हाती पडत होते तेव्हा बाहेर किनाऱ्यावर अगदी निराळ्या जातीचा व्यापारी उतरत होता. तो कधी कुणाच्या प्रेमात पडला नाही. त्याला तोंडही नव्हते; होता फक्त भाव, तोही तारेने येणारा.

नॉर्वेची मदत फसली म्हणणारे आहेत, आणि तिच्याइतकी यशस्वी मदत दुसरी नाही म्हणणारेही आहेत. नॉर्वेचेच मानवशास्त्रज्ञ आर्ने मार्टिन क्लाउसेन यांनी या गावांत राहून अभ्यास केला आणि १९६८ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पाहुण्याने आपल्याच देशाच्या पुण्यकर्माचा हिशेब तपासावा, हे मला फार आवडले. माझे स्वतःचे मत असे की, प्रकल्पाला दोष देणे आणि श्रेय देणे ही दोन्ही कामे सोपी आहेत. त्याने साधने दिली. ती कुणाकडे वळायची हे भावाने ठरवले. शक्तिकुळंगऱ्यात कोळ्यांच्या मुलांची पक्की घरे झाली, त्यांच्यातले कितीतरी जण ट्रॉलरांचे मालक झाले, हे खोटे नाही. आणि शेजारच्या वाडीत वल्ह्याची होडी घेऊन बसलेल्याला रोजची मासळी मिळेना, हेही खोटे नाही.

बायकांचे काय झाले, ते हिशेबाच्या वह्यांत फारसे सापडत नाही. पूर्वी नवऱ्याने मासळी आणायची आणि बायकोने ती पाटीत घालून दारोदार विकायची. पैसा तिच्या कनवटीला असे. कोळंबी लिलावाने थेट दलालाकडे जाऊ लागली. बाई मग सोलणावळीच्या शेडमध्ये गेली. डोके मोडायचे, टरफल काढायचे, दोरा ओढायचा, आणि मोल भांड्यामागे. सोललेल्या मालाची प्रतवारी पौंडावर होई : एका पौंडात सोळा ते वीस बसणारी उंची, त्यापुढे एकवीस ते पंचवीस, अशी उतरती श्रेणी. मग पाच पौंडांच्या लादीत गोठवून माल अमेरिकेच्या वाटेला.

पुढे केरळच्या मुली या कामात इतक्या तरबेज समजल्या जाऊ लागल्या की ठेकेदार त्यांना वेरावळला, रत्नागिरीला, मुंबईला नेऊ लागले. १९९२-९३ च्या सुमारास आमच्या कोकणातल्या अशाच एका शेडमध्ये मी डोकावलो होतो. बर्फाच्या पाण्याने बोटांची कातडी सुरकुतून पांढरी पडलेली, पायाखाली पाणी, आणि पहाटे तीनपासून काम. आलेप्पीकडची एक मुलगी मोडक्या हिंदीत बोलली. तिची आई डोक्यावरून मासळी विकायची. मी विचारले, "घरी काय खायचात?" म्हणाली, "आई विकायची त्यातलीच उरलेली, साहेब." मग तिने पुढ्यातल्या भांड्याकडे मानेने दाखवले. "ही नाही खात. हिची मोजणी असते." तेवढ्यात मुकादम आला आणि मी बाहेर पडलो.

समुद्रावरचे भांडण यापूर्वीच पेटले होते. १९७० नंतरच्या दशकात गोव्यात रापणकार उठले. किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्यांच्या पुढ्यातून ट्रॉलर मासळी खरवडून नेतात, ही त्यांची तक्रार. केरळातही उपोषणे झाली, मोर्चे निघाले. १९८० साली गोवा आणि केरळ या दोन्ही ठिकाणी सागरी मासेमारीचे नियमन करणारे कायदे झाले, १९८१ साली महाराष्ट्रातही. केरळच्या कोळ्यांची मुख्य मागणी पावसाळ्यात ट्रॉलर बंद ठेवण्याची होती, कारण तो माशांच्या विणीचा हंगाम. ती बंदी १९८८ साली लागू झाली, पण पहिल्या वेळी तीतून सूट मिळाली ती नीण्डकऱ्याला! कारण करिक्काडी पावसाळ्यातच येते आणि तिचे पैसे परदेशातून येतात. ज्या गावात गरिबाला मासळी पुरवण्याचा प्रयोग सुरू झाला, त्याच गावाला परदेशी गिऱ्हाइकासाठी कायद्यातून पळवाट द्यावी लागली. पुढे ती सूटही गेली. असो.

नंतरच्या गोष्टी झपाट्याने घडल्या. १९७७ नंतर अमेरिकेची जागा जपानने घेतली. १९९७ साली युरोपने स्वच्छतेच्या कारणावरून आपला माल काही काळ अडवला. अमेरिकेने कासवांचा प्रश्न काढला : ट्रॉल जाळ्यात समुद्री कासवे सापडून मरतात, त्यांना सुटायला जाळ्यात वाट ठेवा. तो वाद जागतिक व्यापार संघटनेपर्यंत गेला आणि १९९८ साली निकाल अमेरिकेच्या रीतीविरुद्ध लागला, तरी कासव काही सुटले नाही आणि आपणही. २००५ पासून स्वस्त विक्रीबद्दल खास जकात बसली. मग २००९ साली भारताने व्हॅनामी जातीच्या कोळंबीच्या शेतीला परवानगी दिली आणि आंध्रची तळी भरून गेली. ही व्हॅनामी मूळची मेक्सिको ते पेरूपर्यंतच्या किनाऱ्याची. अमेरिका खंडातली कोळंबी आंध्रच्या तळ्यात वाढवायची आणि परत अमेरिकेलाच विकायची, असा हा उलटा प्रवास. तो चांगलाच फळला. २०२४-२५ मध्ये भारताची समुद्री निर्यात ६२ हजार कोटी रुपयांवर होती, तिच्यात दोनतृतीयांशांहून अधिक वाटा गोठवलेल्या कोळंबीचा, आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक पुन्हा अमेरिका. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या गिऱ्हाइकाने भारतीय मालावर एकूण पन्नास टक्के जकात लावली, तेव्हा आंध्रच्या तळ्यांवर जी धावपळ उडाली तिला नीण्डकऱ्याचा जुना माणूस हसला असेल की हळहळला असेल, सांगता येत नाही.

कारण त्याची समुद्रातली कोळंबी कासवांच्या त्याच नियमाखाली अमेरिकेने २०१८ साली आधीच बंद केली होती. पावसाळ्यातली बंदी ३१ जुलैच्या मध्यरात्री उठते. नीण्डकऱ्याच्या पुलाखालून त्या वेळी ट्रॉलरांची रांगच रांग दिवे लावून समुद्रात शिरते, आणि दुसऱ्या दिवशी करिक्काडी धक्क्यावर येते. लिलाव पुकारणारा तिचा भाव आजही किलोवर सांगतो. पौंडावरची मोजणी मागाहून, शेडमध्ये होते.