साम्राज्ये का बुडतात? फैलाका बेटाची साक्ष

हनुक्काचे दिवे लावताना आपण जुलमी अंतियोखस राजाची गोष्ट मुलांना सांगतो. परंतु त्याचे अफाट साम्राज्य पुढे कशाने बुडाले, याचा विचार आपण क्वचितच करतो.

त्या साम्राज्याची एक खूण कुवेतमध्ये आहे. कुवेत शहराच्या पूर्व टोकाला दस्मान राजवाडा आहे. तेथून समुद्रात सुमारे २० किलोमीटरवर फैलाका बेट लागते. ग्रीक लोक त्यास इकारोस म्हणत. १९५८ साली डॅनिश संशोधकांनी तेथे उत्खनन सुरू केले. पुढे तेथे तटबंदी, ग्रीक धर्तीची देवळे आणि बेटावरील देवस्थान व वस्ती यांची व्यवस्था लावणारा एक ग्रीक शिलालेख सापडला.

या साम्राज्याचा पाया सेल्युकसने इ. स. पू. ३१२ मध्ये बाबेल घेऊन घातला. हिंदुस्थानच्या सीमेवर चंद्रगुप्त मौर्याशी तह करून त्याने ५०० हत्ती मिळविले. एवढे बलाढ्य राज्य एका दिवसात बुडाले नाही.

पहिला मोठा घाव बाहेरून बसला. इ. स. पू. १९० च्या सुमारास मॅग्नेशिया येथे रोमनांनी तिसऱ्या अंतियोखसचा पराभव केला. १८८ च्या तहात आशिया मायनरचा मोठा भाग गेला आणि १५,००० टॅलंट चांदीची खंडणी डोक्यावर बसली. ती भरण्यासाठी राजांची नजर प्रजेच्या देवळांकडे वळली. एलाममध्ये देऊळ लुटताना अंतियोखस स्वतःच मारला गेला. त्याचा मुलगा चौथा अंतियोखस याने यरुशलेमच्या मंदिराचा खजिना लुटला व १६७ मध्ये शब्बाथ आणि सुंता यांवर बंदी घातली. मक्काबी उठले आणि १६४ मध्ये मंदिर शुद्ध झाले. याच छळातून निघालेल्या आपल्या पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले, असे हाईम शमुएल केहिमकर यांचे मत होते.

पुढे राजघराण्याच्या दोन शाखा गादीसाठी भांडत बसल्या. प्रतिस्पर्धी दावेदार मक्काबींनाच सवलती देऊन त्यांची मदत मागू लागले. ही संधी साधून पार्थियनांनी १४१ मध्ये बाबेल घेतले. फैलाकाच्या उत्तरेस, नदीच्या मुखाशी नेमलेला सुभेदार हिस्पाओसिनीस स्वतःच राजा बनला. अखेर इ. स. पू. ६४ मध्ये रोमन सेनापती पाँपेने उरलेले राज्यही खालसा केले.

सारांश, बाहेरच्या पराभवाची किंमत राजांनी आपल्याच प्रजेकडून वसूल केली आणि घरच्या भांडणाने शत्रूस वाट मोकळी करून दिली. बाहेरची व आतली कारणे अशी एकमेकांत गुंतलेली असतात.

परंतु या नाशाचा आनंद मानण्याचा अधिकार आपल्यालाही नाही. पुढच्याच वर्षी मक्काबींच्या वंशातील हिर्कानस आणि अरिस्टोब्युलस या सख्ख्या भावांनी आपले भांडण त्याच पाँपेपुढे नेले. त्याने निवाडा तर केलाच, पण यरुशलेमही घेतले. तेव्हा मुलांना मक्काबींच्या विजयाबरोबर त्यांच्या वंशजांच्या या दुहीची गोष्टही अवश्य सांगावी.